उद्याची भाकर

शांतवन मास्तर एका शब्दावर अडले होते, आणि अडून सहा आठवडे झाले होते. नऊ वर्षांत त्यांनी येशूची अख्खी गोष्ट वऱ्हाडीत आणली होती. आंधळे, पांगळे, जकातदार, कोळी, सगळ्यांना त्यांनी आपल्या अनसिंग गावच्या बोलीत बोलायला लावलं होतं. वादळ आलं आणि शमलं, भुतं निघाली, मेलेले उठून बसले, मास्तरांचा पेन कुठे थांबला नाही. थांबला तो भाकरीपाशी.

शब्द प्रभूच्या प्रार्थनेतला, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतला. आकाशातल्या बापाकडे भाकर मागायची ओळ, आणि त्या भाकरीला लावलेलं एक ग्रीक विशेषण, एपिऊसिओस. छापील मराठी बायबलात तिथे 'रोजची' आहे आणि मास्तर लहानपणापासून तसंच म्हणत आले होते. पण निवृत्तीनंतर त्यांनी पोस्टाने धडे मागवून ग्रीक शिकून घेतलं, आणि शिकलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्यांना कळलं की हा शब्द त्या प्रार्थनेबाहेर जुन्या ग्रीकमध्ये जवळजवळ कुठे सापडतच नाही. हिशेबात नाही, नाटकात नाही, कोणाच्या पत्रात नाही. पंडित शेकडो वर्षं अंदाज बांधत बसलेत. कोणी म्हणतो रोजची, कोणी आजपुरती, कोणी गरजेपुरती, आणि कोणी म्हणतो येणाऱ्या दिवसाची, म्हणजे उद्याची.

यातली 'उद्याची' मास्तरांना मुळीच पटेना. हाच येशू पुढे उद्याची काळजी करू नका म्हणून सांगतो; मग तोच उद्याची भाकर मागायला कसा लावील? हावरटपणाच की तो. शाळेत चाळीस वर्षं आणि रविवारी सात ख्रिस्ती घरांच्या मंडळीपुढे त्यांनी हेच सांगितलं होतं की माणसाने आजच्यापुरतं मागावं आणि गप बसावं. वहीत त्यांनी एकदा 'उद्याची?' असं लिहिलं, त्यावर दोन रेघा मारल्या आणि वर 'आजपुरती' लिहून टाकलं. तरी मन खाईच.

शनिवारी भाषांतर छापणाऱ्या संस्थेकडून, नागपूरहून, तनुजा मॅडम यायच्या होत्या. मॅडम म्हणजे तिशीतली मुलगी, पण रीतसर ग्रीक शिकलेली, आणि भाषांतर छापायचं की नाही हे तिच्या सहीवर. ही शेवटची पडताळणी. तिने हो म्हटलं की पुस्तक याच वर्षी छापखान्यात जाणार होतं. मास्तरांना घाई होती. वाशिमच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. डावा डोळा गेला होता आणि उजव्याचा काही भरवसा नव्हता. आपल्या आईची बोली छापील अक्षरात एकदा डोळ्यांनी वाचायची, एवढीच मास्तरांची हाव उरली होती, आणि ही मात्र त्यांना हाव वाटत नव्हती.

आता पडताळणी म्हणजे काय, तर एका माणसाला मजकूर वाचून दाखवायचा आणि त्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. जिथे तो अडखळेल तिथे चूक भाषांतराची, ऐकणाऱ्याची नव्हे. अट एकच. ऐकणारा कोरा पाहिजे. त्याने ते आधी ऐकलेलं नको, आणि भाषांतर करणाऱ्याने त्याला अक्षरानेही काही सुचवलेलं नको.

मास्तरांचा कोरा माणूस म्हणजे कुंपणापलीकडची मनकर्णाबाई. वय सत्तर, शाळा दुसरीपर्यंत, दारात तुळस, देवघरात भरपूर देव, आणि घरामागे मेथी-पालक-वांग्यांचा मळा. सकाळी भाजीची जुडी द्यायला आली की मास्तर तिला चार ओळी वाचून दाखवत. पवित्र आत्मा उतरला हे ऐकून तिने "म्हनजे आंगात आलं का?" असं विचारलं होतं आणि मास्तरांना ती ओळ तीनदा नव्याने लिहावी लागली होती. मास्तर तिच्यावर खूश होते. ती मात्र नऊ वर्षं एका गैरसमजात होती. ही पडताळणी म्हणजे मास्तरची परीक्षा, आणि आपण नीट उत्तर दिलं तरच तो पास होणार, असं तिने धरून ठेवलं होतं. एवढा शिकलेला माणूस म्हातारपणी नापास व्हायला नको म्हणून ती जीव लावून ऐकत असे.

दोघांच्या मध्ये मेंदीचं कुंपण होतं, छातीएवढं. संध्याकाळी दिवेलागणीला मास्तर ओट्यावर बसून प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणत. पत्नी एस्तेरबाई होत्या तेव्हा ती दोघांच्या आवाजात व्हायची. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि मास्तरांनी आपला आवाज वाढवला, ओटा अर्धा रिकामा आहे हे निदान कानांना तरी कळू नये म्हणून. प्रार्थना संपली की थोड्या वेळाने कुंपणावरून एक हात यायचा, हातात फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी. "घ्या," एवढंच बोलून हात परत जायचा. मास्तर समजत, वीज मंडळाची पत्रं वाचून देतो, अर्ज लिहून देतो, त्याची ही परतफेड. भाकरी गरम असत. दुपारचं वरण तसंच ठेवून मास्तर त्या लसणाच्या चटणीशी तिथल्या तिथे फस्त करत, आणि सकाळी चहात टोस्ट बुडवून खात. सकाळी मनकर्णाबाई न चुकता विचारी, "भाकर संपली काय जी?" मास्तर कौतुकाने सांगत, "हाव, रातीच." त्यावर ती जिभेने च्यक् करून निघून जाई. म्हाताऱ्या बाईची सवय, असं मास्तर समजत.

शनिवारी अकराच्या सुमाराला अंगणातल्या निंबाखाली तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. मनकर्णाबाई लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं नेसून आली होती. बसल्या बसल्या तिने तनुजाच्या हातावर हात ठेवला.

"मास्तर भल्ला हुशार हाये, पोरी. सोपं सोपं विचारजो."

तनुजा हसली, फोनवर आवाज टिपायची सोय सुरू केली आणि वाचायला लागली. पहिले दोन उतारे लोण्यासारखे गेले. मनकर्णाबाईने हरवलेलं मेंढरू शोधून आणलं, पेरणी करणाऱ्या माणसाला "बियानं वाटंवर सांडते, ध्यान नाई बुवा याचं" म्हणून दोष दिला, आणि सगळं जागच्या जागी परत सांगितलं. मास्तर मांडीवर बोटांनी ताल धरून बसले होते.

मग प्रार्थना आली. तनुजाने ती मास्तरांनी लिहिली तशी वाचली, 'आजपुरती भाकर' स्वच्छ उच्चारून. मनकर्णाबाईने डोळे मिटले.

"तो म्हनते, देवा, तू आमचा बाप होय. तुह्यं नाव मोठं राहो, तुह्यं राज येवो. अन बापा, उद्याची भाकर आमाले आजच दे."

मास्तरांची बोटं थांबली. तनुजाने ओळ पुन्हा वाचली, सावकाश.

"हाव, तेच त सांगून राह्यली मी," मनकर्णाबाई म्हणाली. "उद्याची भाकर आजच दे."

तनुजाने मास्तरांची वही ओढून घेतली, पान काढलं आणि दोन रेघांखालचं 'उद्याची?' तिच्या नजरेला पडलं. फोनवरचं टिपणं तिने बंद केलं.

"सर, या ओळीबद्दल तुम्ही आजींशी बोलला होता?"

"नाही."

"एकदाही? सहज, चहा पिताना?"

"नाही म्हणतो ना."

"मग वहीत खोडलेला शब्द त्यांच्या तोंडात कसा आला?" तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात शंका स्पष्ट होती. "सर, मला वाईट वाटतं. पण ऐकणाऱ्याला शिकवलेलं असलं तर त्यांनी तपासलेलं सगळंच पुन्हा तपासावं लागतं. दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांकडून. म्हणजे नऊ वर्षांचं सगळं. छपाई मग यंदा नाही."

मास्तरांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं ते परीक्षेत कॉपी पकडत आले होते. कॉपी पुरवल्याचा आळ त्यांच्यावर पहिल्यांदाच येत होता, आणि तोही एकोणऐंशीव्या वर्षी, नातीच्या वयाच्या मुलीकडून. आपण रागावलो आहोत की घाबरलो आहोत हे त्यांचं त्यांना कळेना. उजव्या डोळ्यापुढे निंबाची पानं धूसर झाली आणि पुढचं वर्ष या डोळ्याने दिसेल का, हाच विचार मनात येऊन बसला.

मनकर्णाबाई आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. सगळं तिला कळलं नाही, पण तोंडं तिला वाचता येत होती.

"पोरी, मास्तर नापास झाला काय?"

"आजी, तसं नाही..."

"माह्यापायी झाला ना? मग आयक माहं." ती खुर्चीतून उठून उभी राहिली, शाळेत उत्तर द्यायला मूल उभं राहतं तशी. "मास्तरनं नाई शिकवलं मले. मीच चोरून आयकलं. मास्तर अन एस्तेरबाई रोज सांजीले ओट्यावर म्हनत, तवापासून आयकतो मी. तीस वर्सं झाले. मले पूरी पाठ हाये. सांगू काय?"

आणि तिने सांगितली. तनुजाने अडवायच्या आत मनकर्णाबाईने प्रभूची अख्खी प्रार्थना आमेनसकट म्हणून टाकली, एस्तेरबाई जिथे श्वास घ्यायच्या तिथेच श्वास घेऊन. मास्तरांनी मान खाली घातली. सहा वर्षांत ती चाल त्यांच्या कानावर आली नव्हती.

"म्हणजे तुम्ही कोऱ्या नव्हताच," तनुजा हळू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची शंका गेली आणि गोंधळ आला. "पण आजी, यात तर 'रोजची' आहे. कागदावर 'आजपुरती' आहे. 'उद्याची' यात कुठेच नाही. ते तुम्ही कुठून आणलं?"

मनकर्णाबाईने, मीठ खारट का असतं असं कोणी विचारल्यासारखं, तिच्याकडे पाहिलं.

"मास्तर थे कवा म्हनते? सांजीले. सांजीपर्यंत आजचं खाऊन झालं ना, माय. रातीचं त चुलीवर रांधून राह्यलं असते, थे कोन मांगते? सांजीले मानूस भाकर मांगन त कायची मांगन? उद्याचीच."

तनुजाने पेन उचलला आणि ते लिहून घेतलं.

"आमच्या घरी पहाटं चारले भाजी घेऊन वाशिमच्या बाजारात हर्रासीले निघा लागते," मनकर्णाबाई पुढे म्हणाली. "तवा कोन भाकर थापते? सांजीलेच उद्याची करून टोपल्यात झाकून ठेवतो. टोपलं रिकामं असलं त माही सासू कोनाले निजू देत नोती. माही सून बी तसंच करते. रोजची म्हना नाई त काय बी म्हना, मले त तीस वर्सं हेच समजलं."

मास्तरांनी मान वर केली. आता त्यांच्यातला आळ आलेला माणूस मागे पडला आणि सहा आठवडे अडून बसलेला माणूस पुढे आला.

"पन मनकर्णाबाई, देव त म्हनते, उद्याचा घोर करू नका. मंग उद्याची भाकर मांगनं हावरटपना नाई काय?"

"काहून जी? टोपल्यात भाकर झाकली असली त मानूस घोर करते काय? टोपलं रिकामं राह्यलं म्हनजे घोर. म्या भाकर झाकून ठेवली का डोयाले डोया लागते, नाई त रातभर कूस बदलतो. घोर नोको म्हनूनच त उद्याची मांगा लागते. अन एकच दिसाची मांगते ना तो? म्हयनाभराची त नाई मांगत."

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला, पुसून झाला तरी पुसतच राहिले. चाळीस वर्षं दोन वाक्यांत त्यांनी भांडण लावून ठेवलं होतं, आणि या बाईने दोघांना एका टोपल्यात झाकून ठेवलं होतं.

पण मनकर्णाबाईचं बोलणं संपलं नव्हतं. परीक्षेचा धाक गेला तसा जुना राग वर आला.

"अन तुमी! एस्तेरबाई गेल्या अन तुमी एकलेच मोठ्यानं भाकर मांगू लागले. मले घरात आयकू ये. म्या मनात म्हनलं, मानूस तोंडानं मांगून राह्यला, घरात थापनारं कोनी नाई, अन आपन कुंपनाच्या अलीकडं तवा घेऊन बसलो. तवापासून धाडतो दोन भाकरी. सकायसाठी! अन तुमी रातीच खाऊन टाकता, अन सकायी थे टोस्ट चावत बसता. सहा वर्सं झाले, रोज विचारतो, संपली काय जी? त मोठ्या तोऱ्यात सांगता, हाव, रातीच!"

तनुजा हसायला लागली आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे टिपले. मास्तरांना मात्र आपला जुना समज आठवला. अर्ज लिहिल्याची परतफेड! सहा वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी देवाकडे भाकर मागितली होती, रोज पाच मिनिटांत ती कुंपणावरून आली होती, आणि ग्रीक शिकलेल्या या माणसाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदाही शेजारी आल्या नव्हत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेतही फार बरं वाटलं.

"सर," तनुजा शेवटी म्हणाली, "नियमाप्रमाणे या प्रार्थनेची चाचणी बाद. आजींना ती पाठ आहे. बाकीचे उतारे त्यांनी चोरून ऐकलेले नाहीत ना?"

"मास्तर सांजीले थेवढंच म्हनते," मनकर्णाबाईने खुलासा केला.

"मग बाकीचं राहील. ही ओळ मात्र मला दोन कोऱ्या माणसांपुढे वाचावी लागेल. बुधवारी मी वाशिमजवळच्या मालेगावकडे आहेच, तिथल्या किन्हीराजा गावात दोन बायकांना विचारते." मग वही मास्तरांपुढे सरकवून ती म्हणाली, "पण कोणता शब्द वाचू ते तुम्ही लिहून द्या. 'उद्याची' म्हणणारे जुने विद्वान आहेत, ते तुम्हालाही ठाऊक आहे. खाली टिपेत 'किंवा रोजची' असं देता येईल."

मास्तरांनी चष्मा लावला. 'आजपुरती' खोडायची म्हणजे चाळीस वर्षांच्या रविवारांवर रेघ मारायची होती. मग त्यांनी मारली, आणि जुन्या दोन रेघांखालच्या शब्दाला नव्याने, ठळक अक्षरात वर काढलं.

"मंग पास का नापास?" मनकर्णाबाईने विचारलं.

"बुधवारी सांगते, आजी."

बुधवारी दुपारी फोन आला. तनुजाने किन्हीराजाच्या दोघींना ओळ वाचून दाखवली होती, आणि दोघींनी ती न अडखळता परत सांगितली होती. देवाकडे आजच उद्याची का मागायची, असं तिने मुद्दाम उलटून विचारलं, तर त्यांनी तिलाच विचारलं, पोरी, तुह्या घरी रातीचं टोपलं झाकत नाई काय? "सर, मी सही केली," तनुजा म्हणाली. मास्तर फोन कानाला लावून बराच वेळ नुसते "बरं, बरं" म्हणत राहिले.

त्या संध्याकाळी मास्तर ओट्यावर बसले आणि नेहमीच्याच आवाजात प्रार्थना म्हणाले. भाकरीपाशी आल्यावर त्यांनी नवा शब्द म्हटला. म्हणताना नजर आपसूक कुंपणाकडे गेली, आणि प्रार्थनेत इकडेतिकडे पाहू नये हे मंडळीला शिकवलेलं ते साफ विसरले. थोड्या वेळाने हात आला.

"घ्या."

भाकरी गरम होत्या, आणि चटणीची वाटी समोरच होती. मास्तर आत गेले. एस्तेरबाईंचं वेताचं टोपलं सहा वर्षं खुंटीला अडकवलेलं होतं, ते काढून त्यांनी पुसलं, भाकरी त्यात ठेवल्या आणि वर फडकं झाकलं. रात्री वरणभात खाल्ला. निजताना एकदा उठून त्यांनी टोपलं पाहिलं, आणि पुन्हा पडले तेव्हा डोळा लागायला वेळ लागला नाही.

सकाळी मनकर्णाबाई मेथीची जुडी घेऊन कुंपणाशी आली. "भाकर संपली काय जी?"

मास्तर टोपलं घेऊन ओट्यावर आले, भाकरी कुस्करली, वर कांदा, तिखट आणि तेल घातलं आणि तिच्यासमोर खायला लागले. ती कुंपणाला टेकून पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली.

"मनकर्णाबाई," हात धुता धुता मास्तर म्हणाले, "सहा वर्सं मले वाटे, एस्तेर गेल्यावर माह्यं कोनी आयकतच नाई."

"देव आयकते ना जी," ती म्हणाली. "पन मी जवळ रायतो, म्हनून मले आधी आयकू आलं."

आणि मेथीची जुडी कुंपणावर ठेवून ती मळ्यात पाणी धरायला निघून गेली.